लोकांचे घर

आमच्या घरात दारूविषयी मोठ्याने बोलण्याची पद्धत नव्हती. आमचे बालपण दारूबंदीच्या काळात गेले. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूवर बंदी आली. दारू मात्र गेली नाही, ती केळीच्या वाड्यांत लपली. वसईतल्या आमच्या गावात वाडीच्या टोकाला एक गुत्ता होता. तेथून जाताना आमची आई पदर सावरून झपझप पावले उचलीत असे आणि आम्हां मुलांना आपल्या पलीकडच्या बाजूला घेत असे. पुढे कायदा सैल झाला, गुत्त्याच्या जागी परमिट रूम आली, तिला काळ्या काचेचे दार आले. दार बदलले, पण आड जाण्याची रीत तीच राहिली. आमचे थोरले बंधू, ज्यांना सारे घर दादा म्हणत असे, त्या दाराआड गेले ते पुरते परत आलेच नाहीत. १९९४ च्या पावसाळ्यात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, यकृताच्या विकाराने ते प्रभूघरी गेले. म्हणून सत्तरी गाठेपर्यंत आम्ही अशा ठिकाणची पायरी चढलो नव्हतो. ह्यात आमची पुण्याई कमी आणि भीतीच अधिक होती.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता मुलाकडे इंग्लंडला गेलो. तो बर्मिंगहॅममध्ये नोकरी करतो. एका शनिवारी सकाळी त्याने गाडी काढली आणि म्हणाला, “पप्पा, आज दुपारचे जेवण एका खेड्यातल्या पबमध्ये घेऊ.” आम्ही गप्प झालो. आमच्या सौभाग्यवतींनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. सूनबाईंनी प्रसंग ओळखला. त्या हळूच म्हणाल्या, “मम्मी, तिथे लहान मुलेही येतात. तुम्ही एकदा पाहून तरी घ्या. नाही आवडले तर लगेच निघू.” मागच्या सीटवर आमची सात वर्षांची नात पबमध्ये कोणती खीर मिळेल याची चौकशी करीत होती. नातच निघाली आहे म्हटल्यावर आजी-आजोबांनी नाही म्हणायचे कसे?

गाडी दक्षिणेकडे ईव्हशमच्या खोऱ्यात उतरली तेव्हा आम्हांला आपल्या वसईची आठवण झाली. दोन्ही बाजूंना भाजीचे मळे आणि फळबागा, रस्त्याकडेला ताज्या भाजीच्या पाट्या. ईव्हशम गावात एक उंच घंटाघर उभे आहे. शेजारी मठ असावा म्हणून पाहावे तर हिरवळीखेरीज फारसे काही नाही. येथे बेनेडिक्टाइन संन्याशांचा मोठा मठ होता. आठव्या हेन्रीच्या आज्ञेने १५४० साली तो बंद झाला, इमारत पाडून दगड विकले गेले, घंटाघर तेवढे राहिले. आम्ही त्या हिरवळीवर उभे राहून एक ‘नमो मरिया’ म्हटली आणि जवळच्याच ब्रेटफर्टन ह्या खेड्याकडे वळलो.

त्या खेड्यात चौकाच्या कडेला एक जुने घर आहे. लाकडी चौकटीचे, चुन्याने रंगवलेल्या भिंतींचे, एका भागावर गवताने शाकारलेले. पंधराव्या शतकात ते शेतकऱ्याचे घर म्हणून बांधले गेले. एका छपराखाली माणसे आणि गुरे दोन्ही राहत. १८४८ पासून त्याचा पब झाला. नाव ‘द फ्लीस इन’, म्हणजे मेंढीच्या लोकरीच्या नावाने चालणारी खाणावळ. शतकानुशतके ते एकाच घराण्याकडे राहिले. त्या घराण्यातील शेवटच्या मालकीण लोला टॅप्लिन १९७७ साली वारल्या आणि त्यांनी ही वास्तू नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेला देऊन टाकली. २००४ मध्ये गवताच्या छपराला आग लागली, पण दुरुस्ती होऊन पुढच्याच वर्षी घर पुन्हा उघडले. एखाद्या गावाने आपल्या चर्चला जपावे तसे ह्या लोकांनी पबला जपले हे ऐकून आम्हांला प्रथम नवल वाटले, आणि खरे सांगायचे तर थोडा रागही आला. दारूच्या घराला एवढा मान कशासाठी?

दार उघडेच होते. त्याला काळी काच नव्हती आणि पडदाही नव्हता. आत ठेंगणे छत, काळ्या पडलेल्या तुळया, दगडी फरशी आणि मोठी चूल. चुलीपाशी फरशीवर पांढऱ्या चुन्याची वर्तुळे काढलेली होती. धुराड्यातून चेटकिणी उतरू नयेत म्हणून ती पूर्वापार काढत आले आहेत, असे मुलाने सांगितले. चुलीसमोर एक कुत्रा निवांत झोपला होता. एका मेजावर आजी, आई आणि तान्हे मूल असा तीन पिढ्यांचा परिवार जेवत होता. एका कोपऱ्यात एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांच्या पुढ्यातला पेला अर्धा भरलेला होता आणि आम्ही निघालो तेव्हाही तो पुरता रिकामा झालेला नव्हता. आम्ही आत शिरताच त्यांनी मान वर करून हसून पाहिले. दारू पिणारा मनुष्य अनोळखी माणसाकडे पाहून मोकळेपणाने हसतो, हे दृश्य आम्हांला नवे होते. आमचे दादा पीत असताना कोणाकडे पाहत नसत.

‘पब’ हा शब्द ‘पब्लिक हाऊस’चा संक्षेप आहे, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. पब्लिक हाऊस म्हणजे लोकांचे घर. त्या शब्दाचा अर्थ मात्र आम्हांला त्या दिवशी कळला. येथे पेय आणायला कोणी मेजाशी येत नाही. आपण उठून फळीपाशी जायचे, आपली पाळी येईपर्यंत शेजारच्या माणसाशी दोन शब्द बोलायचे, मागून घ्यायचे आणि तेथेच पैसे द्यायचे. मित्र मिळून आले असतील तर प्रत्येकाने आळीपाळीने सर्वांसाठी आणायचे. फळीवर लाकडी मुठींचे चार-पाच उंच दांडे होते. मुलाने सांगितले, “पप्पा, हे हातपंप. खाली तळघरात पिंपे आहेत. बाई दांडा ओढतात तेव्हा एल वर येते.” फळीमागच्या बाईंनी विचारले, “चव पाहणार का?” आणि आम्ही काही म्हणण्याआधीच इवल्याशा पेल्यात दोन घोट पुढे केले. आम्ही सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “घ्या. मी आहे इथे.” एवढ्या तीन शब्दांनी आम्हांला किती बळ दिले ते आम्हांलाच ठाऊक.

ते पेय थंडगार नव्हते आणि फसफसतही नव्हते. रंग चहासारखा, वास भाजलेल्या धान्याचा, आणि चव आधी भाकरीच्या पापुद्र्यासारखी व मागाहून कडसर. आम्ही अर्धा पाइंट घेतला. पूर्ण पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, त्याचा निम्मा. त्यातील मद्यार्क शेकडा ४ च्या आसपास. आमच्याकडच्या गावठीच्या मानाने हे पाणीच म्हणायचे. सौभाग्यवतींनी आणि नातीने एल्डरच्या फुलांचे सरबत घेतले.

जेवण आले. मे महिना हा त्या खोऱ्यात ॲस्परॅगसचा हंगाम. ही आपल्या शतावरीच्या कुळातली भाजी. तिचे कोवळे हिरवे कोंब लोण्यात घोळवून वाढले होते. ह्या भाजीचा हंगाम परंपरेने संत जॉर्जच्या सणापासून, म्हणजे २३ एप्रिलपासून, जूनच्या उत्तरार्धापर्यंत धरतात. पेरणी-कापणी संतांच्या सणांवर मोजण्याची ही रीत आपल्या शेतकऱ्यांना परकी नाही. मुलाने बीफचा पाय मागवला होता. खुसखुशीत आवरणाखाली त्याच एलमध्ये शिजवलेले मांस होते. आम्ही घेतला ‘प्लाउमन्स लंच’, म्हणजे नांगरणाऱ्याचे जेवण. पाव, चीजचा जाड तुकडा, कांदा, सफरचंद आणि गोडसर लोणचे. कांदा-भाकर खाणाऱ्यांच्या वंशात जन्मलेल्या आम्हांला ते चटकन आपलेसे वाटले. त्याचे हे नाव मात्र फार जुने नाही, चीजच्या विक्रेत्यांनी ते गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय केले, असे सूनबाईंनी सांगितल्यावर आम्ही सारे हसलो. जेवणापूर्वी नातीने नेहमीप्रमाणे क्रूसाची खूण करून प्रार्थना सुरू केली. आम्ही क्षणभर बिचकलो. अशा जागी प्रार्थना? पण ती थांबली नाही, आणि आम्हीही हात जोडले.

वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थ मग आमच्याशी बोलू लागले. आयुष्यभर त्यांनी भाजी पिकवली होती. आमच्याकडे केळी आणि भाजीच्या वाड्या आहेत म्हटल्यावर त्यांनी माती कशी, पाणी कोठून, एवढी चौकशी केली की आम्ही दारू विसरून शेतीत रमलो. मे अखेरीस ह्याच अंगणात ॲस्परॅगसच्या जुड्यांचा लिलाव होतो आणि तो पैसा गावच्या बँडला जातो, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. सणाला चर्चच्या पायरीवर वाहिलेल्या फळांचा लिलाव आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत, असे आम्हीही सांगितले.

ह्या पेयाला तेथे ‘रिअल एल’, म्हणजे अस्सल एल, म्हणतात. तसे का, हे आम्ही विचारले आणि जे कळले ते आजवर मनातून गेलेले नाही. भिजवून मोडवलेले व भाजलेले जव, हॉप नावाच्या वेलीची फुले, यीस्ट आणि पाणी एवढाच तिचा ऐवज. पण पिंपात भरल्यावरही ती जिवंत असते. तळघरात, १२ अंशांच्या आसपासच्या गारव्यात, ती पिंपातच मुरत राहते आणि तेथूनच ती वाढतात. बाहेरचा वायू तीत दाबून भरत नाहीत. गेल्या शतकाच्या मध्यास मोठ्या कारखान्यांनी यीस्ट काढून टाकलेली, वायू भरलेली, महिनोन्महिने टिकणारी बिअर सगळीकडे पुरवायला सुरुवात केली. अस्सल एल नाहीशी होणार असे दिसताच १९७१ साली चार तरुणांनी ती वाचवण्यासाठी ‘कॅमरा’ नावाची चळवळ सुरू केली. ह्या तपशिलातील एका गोष्टीने आमचे लक्ष वेधले. पिंप एकदा उघडले की ते साधारण तीन दिवसांत संपवावे लागते, नाहीतर एल आंबट होऊन वाया जाते. नेहमीच्या पिंपात ७२ पाइंट मावतात. म्हणजे ती एकट्याने घरी दडवून ठेवता येत नाही. तिला गाव लागते. रोज येणारी, एकेक पेला घेऊन निघून जाणारी माणसे लागतात. माणसे येईनाशी झाली की ती नासते.

आमच्या घरी तांदळाच्या कणगीमागे एक बाटली असे. ती कधी नासली नाही.

आपल्या पूर्वजांच्या धर्मालाही ह्या पेयाचे वावडे नव्हते, हे आपण विसरतो. संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या चाळिसाव्या प्रकरणात पेयाचे माप ठरवून दिले. संन्याशाने मद्य न घेणेच बरे, पण ते पटवणे कठीण असल्याने निदान बेताने घ्यावे, असा त्या प्रकरणाचा आशय आहे. ज्या मठाच्या हिरवळीवर आम्ही उभे राहिलो तेथेही हीच नियमावली चालत असे. मध्ययुगात इंग्लंडमधील गावोगावचे धर्मग्राम पेंटेकॉस्टच्या सुमारास एल गाळीत, सारे गाव जमून ती घेई आणि त्या पैशातून चर्चचे छप्पर दुरुस्त होई. रोमन विधिग्रंथात बिअरवर उच्चारायचा आशीर्वादही आहे. पुढे धर्मक्रांतीत मूर्ती फुटल्या, पण ‘कोकरू आणि निशाण’, ‘पेत्राच्या किल्ल्या’, ‘देवदूत’ ही नावे पबच्या पाट्यांवर टिकून राहिली. मठ गेला, आणि त्याची काही चित्रे पबच्या दारावर राहिली.

पण हे सर्व सांगताना आम्ही इंग्लंडची आरती ओवाळीत नाही. तेथेही दारूने घरे बुडवली आहेत. अठराव्या शतकात स्वस्त जिनने लंडनच्या गरीब वस्त्यांचा जो नाश केला त्याचे चित्र हॉगार्थ ह्या चित्रकाराने १७५१ साली काढले आहे. शेजारच्या आयर्लंडमध्ये दारूने केलेला विध्वंस पाहून फादर थिओबाल्ड मॅथ्यू ह्या कॅपुचिन धर्मगुरूंनी १८३८ पासून लाखो लोकांकडून दारू सोडण्याची शपथ घेतली. आजही त्या देशात दुकानातून बाटली घरी नेऊन एकट्याने पिणारे आहेत, आणि गेल्या काही दशकांत हजारो पब बंद पडले आहेत. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे सगळेच बंद झाले तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांना सर्वांत अधिक कशाची उणीव भासली? ते म्हणाले, “एलची नाही. ‘कसे आहात?’ असे विचारणाऱ्यांची.” पत्नी गेल्यापासून ते एकटेच राहतात.

परतताना गाडीत नात झोपली. तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, “दादांना इथे आणले असते तरी ते एका पेल्यावर थांबले नसते.” आम्ही म्हटले, “नसते थांबले.” ते खरेच आहे. दादांचे पिणे हा आजार होता, आणि त्या आजाराला एक पेलाही विषच. अस्सल एल काय आणि गावठी काय, त्यांना दोन्ही सारखीच. मग थोड्या वेळाने सौभाग्यवती पुन्हा बोलल्या, “पण तिसऱ्या-चौथ्या पेल्याला कोणाच्या तरी लक्षात आले असते.” मुलगा म्हणाला, “मम्मी, झिंगलेल्या माणसाला दारू विकणे हा इथे कायद्याने गुन्हा आहे.” आम्ही काही बोललो नाही. आमच्या डोळ्यांपुढे कायदा नव्हता, आमची मागची खोली होती.

घरी पाहुणे येणार असले की आम्ही दादांना मागच्या खोलीत पाठवीत असू. आई सांगे, बाबा सांगत, पुढे आम्हीही सांगू लागलो. आमच्या लग्नात त्यांनी नवा सदरा घातला होता, वरातीपुढे नाचायचे म्हणून ते सकाळपासून शुद्धीवर होते. पण ऐन वेळी काही घडू नये, सासरच्या मंडळींपुढे शोभा नको, म्हणून आम्ही त्यांना आत बसायला सांगितले. ते बसले. संध्याकाळी आम्ही आत डोकावलो तेव्हा सदरा खुंटीला होता आणि कणगीमागची बाटली रिकामी झाली होती. धर्मग्रामाच्या सणाला सारे घर मिस्साला जाई, आणि दादांसाठी जेवण झाकून ठेवलेले असे. पाहुणे उठले, अंगणात चपलांचा आवाज झाला, की मागच्या खोलीतून त्यांचा आवाज येई, “गेले का पाहुणे?” त्यात राग नसे. आम्ही “गेले” म्हटले की ते बाहेर येऊन ओट्यावर बसत. तोवर ओट्यावर कोणी उरलेले नसे.

दादा दारूने गेले असे आम्ही तीस वर्षे म्हणत आलो, आणि ते खोटे नाही. पण त्यांना दारूबरोबर एका खोलीत आम्ही बंद केले, हे आम्ही कधी म्हटले नाही. घराण्याचे नाव जपण्यासाठी आम्ही दार लावून घेतले. ज्या आजाराला चारचौघांच्या नजरेची आणि सोबतीची गरज होती त्याला आम्ही अंधार दिला. प्रभू येशू जकातदार आणि पापी लोकांच्या पंक्तीला बसला म्हणून त्याला खादाड आणि मद्यपी म्हटले गेले, हे शुभवर्तमानात आपण दरवर्षी ऐकतो. आम्ही ते ऐकले आणि दादांचे जेवण झाकून ठेवले.

वाचकहो, दारू वाईट नाही असे सांगण्यासाठी हा लेख नाही. आमच्या वाडीत पब निघावा असेही आम्हांला वाटत नाही. आमच्याकडे आठवड्यातून एकदा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सभा भरते. तेथे माणसे आपले नाव सांगून सर्वांसमोर म्हणतात, “मी दारुडा आहे,” आणि आपला दिवस कसा गेला ते सांगतात. तेथे चहा मिळतो. ब्रेटफर्टनच्या त्या घरात आणि ह्या सभेत पेयाचे काहीच साम्य नाही, पण दोन्ही ठिकाणी दार उघडे असते आणि येणाऱ्याला कोणी आत दडवत नाही.

आमच्या गल्लीत एक तरुण आहे. त्याच्या घरचे आता त्याला आमच्यासारखेच मागच्या खोलीत ठेवतात. इंग्लंडहून परतल्यावर आम्ही त्याच्या आईकडे गेलो आणि संध्याकाळी त्याला आमच्या ओट्यावर चहाला पाठवावे अशी विनंती केली. त्या माउलीने मान खाली घातली. ती म्हणाली, “तो शुद्धीवर नसतो हो.” आम्ही म्हटले, “नसला तरी पाठवा.” तो दोनदा आला. तिसऱ्यांदा आला नाही. मग आमच्या सौभाग्यवती जाऊन त्याला घेऊन आल्या. त्या दिवशी ओट्यावर मुंबईहून आलेले आमचे व्याही बसले होते. तो पायरीशीच थबकला आणि म्हणाला, “तुमच्याकडे पाहुणे आहेत. ते गेल्यावर येतो.”

आम्ही सरकून त्याला जागा करून दिली.